किल्ली काढल्यावरचा उजेड

मी एक जुना टेस्ट लॅम्प आहे. मित्रांनो, नाव ऐकून फार अपेक्षा ठेवू नका. एक छोटा बल्ब, त्याला दोन वायरी, एका वायरीच्या टोकाला चिमटा आणि दुसरीच्या टोकाला सुई, एवढाच माझा संसार. चिमटा गाडीच्या पत्र्याला लावायचा आणि सुई हव्या त्या वायरीत टोचायची. वीज असेल तर मी पेटतो, नसेल तर पेटत नाही. मला हो म्हणता येते आणि गप्प बसता येते. तिसरे काही मला कुणी शिकवलेले नाही.

माझी एक अडचण आधीच सांगून ठेवतो. मला दिसते ते फक्त माझ्याच उजेडात, तेही हात-दोन हात. विझलो की सगळीकडे काळोख. कान मात्र मला कायमचे आहेत. त्यामुळे माझे आयुष्य पुष्कळसे ऐकलेले आणि थोडेसेच पाहिलेले आहे. अंधारात कुणीतरी बोलत असते, श्वास घेत असते, आणि मग अचानक मी पेटतो आणि ते अगदी नाकासमोर असते. याची सवय होते म्हणतात. मला अजून झालेली नाही.

मला घडवले एका वायरमनने. तो तेव्हा नुकताच या धंद्यात पडला होता आणि नवी हत्यारे घ्यायची त्याची ऐपत नव्हती. माझा बल्ब एका ठोकरलेल्या ट्रकच्या इंडिकेटरमधून काढलेला आहे. मूठ म्हणजे शाई संपलेल्या पेनची नळी, आणि सुई शिलाई मशीनची, टोक मोडलेली, मग घासून पुन्हा धार काढलेली. त्या ट्रकच्या ड्रायव्हरचे पुढे काय झाले ते मला ठाऊक नाही. पण सुरुवातीला पेटलो की मी क्षणभर लुकलुकायचो. कुणीतरी अजून वळण घेतच आहे, असे मला वाटायचे. वायरमन म्हणायचा, "होल्डर ढिला आहे." त्याने होल्डर आवळला आणि ते लुकलुकणे थांबले. मीही तो विषय पुन्हा काढला नाही.

माझ्या मालकाची एक सवय होती. कामाला हात घालण्याआधी तो मला बॅटरीला लावून बघायचा. "आधी तुझं बघू," असे म्हणायचा. मला याचा राग यायचा. ज्याच्या भरवशावर दुसऱ्यांना खोटे ठरवायचे, त्याच्यावरच संशय? पुढे कळले की बल्ब उडालेला असेल तर माझे गप्प बसणेसुद्धा लोक खरे मानतात आणि चांगली वायर कापून टाकतात. तेव्हापासून मी तोंड वर करून बॅटरीला भिडू लागलो.

ते दिवस माझ्या भरभराटीचे होते. बसगाड्या, ट्रॅक्टर, दवाखान्याच्या गाड्या, पाण्याचे टँकर, मी कुठे म्हणून घुसलो नाही! डॅशबोर्डच्या मागे मेलेल्या झुरळांच्या शेजारी पेटलो, इंजिनाच्या पोटाखाली गळत्या तेलात पेटलो. चार माणसे चार तर्क लढवत उभी असायची. मी पेटलो की सगळे गप्प व्हायचे. "याने सांगितलं ना, मग झालं," असे मालक म्हणायचा आणि मला शर्टाच्या खिशात खोचायचा. तिथे त्याच्या छातीची धडधड ऐकू यायची. मला ती जागा फार आवडायची.

मग मीटर आला. पिवळा, गुबगुबीत, पडद्यावर आकडे दाखवणारा. मी त्याला नावे ठेवणार नाही, तो हुशार आहे. पण तो आला आणि माझी रवानगी हत्यारांच्या पेटीच्या तळाशी झाली. माझ्यावर वायसर पडले, वायसरांवर नटबोल्ट, त्यांवर कसल्याशा पत्र्याच्या पट्ट्या. मला कुणी बॅटरीला लावेना. मित्रांनो, पेटल्याशिवाय आपण आहोत की नाही, हे टेस्ट लॅम्पला कळायला मार्ग नसतो. मी नुसता ऐकत पडून राहिलो. पेटी उघडायची, पेटी मिटायची. माझ्यापर्यंत हात काही यायचा नाही.

असाच एके दुपारी पेटीच्या तळाशी असताना एका बाईमाणसाचा आवाज कानावर आला. तरुण होता, पण थकलेला.

"काका, आमची गाडी बंद होत नाही."

"सुरू होत नाही म्हणायचंय का तुला?" मालक म्हणाला.

"नाही हो. बंदच होत नाही. किल्ली काढून हातात घेतलेली असते आणि इंजिन आपलं चालूच."

तिची लाँड्री होती. रुग्णालयाच्या चादरी आणायच्या, उकळायच्या, वाळवायच्या, इस्त्री करून परत पोचवायच्या. फाटलेल्या चादरी तिची आई शिवायची. गाडी वडील चालवायचे. मागच्या थंडीत वडील गेले आणि ही मुलगी स्वतःच गाडी चालवू लागली.

"रोज होतं असं?"

"माझ्या हातात एकदाही नाही. दिवसभर फिरते, किल्ली काढली की गप्प. पण आई शेजारच्या सीटवर बसली की... बाबा गेल्यावर मी पहिल्यांदाच आईला घेऊन गेले होते, तिला दातांच्या डॉक्टरांना दाखवायला. परत आलो, मी किल्ली काढली. इंजिन चालू. पुन्हा किल्ली घातली, फिरवली, काढली. चालूच. मग आई खाली उतरली, तशी गाडी आपली आपण बंद."

"हं," मालक म्हणाला.

"आता आई रोज संध्याकाळी गाडीत जाऊन बसते. तिच्याकडे दुसरी किल्ली आहे. नुसती बसली तरी समोरचे लाल दिवे लागतात, काका. किल्ली न लावता. मग ती इंजिन सुरू करते, किल्ली काढते आणि बसून राहते. म्हणते, बाबा आलेत."

"आणि तू काय म्हणतेस?"

"मी म्हणते वायरिंग बिघडलंय." तिच्या हातातली किल्ली वाजली. "पण मी तिच्याबरोबर त्या गाडीत पुन्हा बसलेली नाही. दारात उभी राहून हाका मारते. परवा शेड धुरानं भरलेली होती आणि तिची मान कलंडली होती. हाक मारली, ओ देईना. ओढून बाहेर काढली. ती सीटवरून उठली आणि गाडी बंद. काका, तुम्ही आजच या. मला आईसुद्धा घालवायची नाहीये."

पेटी उचलली गेली. वायसर माझ्यावरून घरंगळले. आपण कुठेतरी निघालो आहोत एवढेच मला कळले.

वाटेत मालकाने तिला जे समजावले ते तुम्हालाही सांगतो, म्हणजे पुढचे नीट कळेल. डिझेलच्या इंजिनाला ठिणगी लागत नाही. ते एकदा चालू झाले की डिझेल मिळेल तोवर चालत राहते, विजेवाचूनसुद्धा. त्याला थांबवायचे तर त्याचे डिझेलच तोडावे लागते. म्हणून इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपावर एक छोटी झडप असते. किल्ली फिरवली की झडपेला वीज मिळते आणि ती उघडते. किल्ली काढली की वीज जाते, स्प्रिंग झडप मिटवते आणि इंजिनाचा घास तुटतो. "म्हणजे किल्ली काढूनही इंजिन चालत असेल," मालक म्हणाला, "तर एक तर झडप अडकली असेल, नाहीतर तिला कुठून तरी दुसरीकडून वीज मिळतेय."

"दुसरीकडून म्हणजे?"

"तेच तर बघायचंय."

लाँड्रीत आधी पाण्याचा आवाज आला. पिळलेल्या चादरींतून थेंब पडत होते, सगळीकडून, सावकाश. त्यांच्या पलीकडे, बंद शटरच्या आतून, इंजिनाचा आवाज येत होता. मुलगी धावली. शटर खडखडत वर गेले.

"आई! शटर पुन्हा लावून घेतलंस?"

"आवाज जातो गं लोकांना." आईचा आवाज शांत होता. खोकून तो बसलेला होता. "नावं ठेवतात."

"ऊठ आधी. ऊठ ना गं."

"मी उठले की ते जातात," आई म्हणाली. "रोज मीच उठायचं का?"

इंजिन तेवढे बोलत राहिले. शेवटी सीटच्या स्प्रिंगा करकरल्या, चप्पल फरशीवर टेकली, आणि त्याच क्षणी इंजिन थांबले. इतक्या वर्षांत मी शेकडो इंजिने थांबताना ऐकली आहेत. पण कुणाच्या पायाच्या स्पर्शाने थांबलेले हे पहिलेच. माझ्या तारेपर्यंत काटा आला.

"तुम्ही वायरिंगवाले ना?" आई म्हणाली. "ते तुमच्याकडे कधी आले नाहीत."

"नाही वहिनी. गाडीत स्वतःच हात घालायचे ते."

"मग आताही त्यांची त्यांना राहू द्या की."

"आई, काकांना बघू दे," मुलगी म्हणाली. "त्यांनी सांगितलं की बाबाच आहेत, तर मी पुन्हा एक शब्द बोलणार नाही. पण वायर निघाली तर तू इथे बसायचं नाहीस. कबूल?"

आईची चप्पल फरशीवर गाडीच्या दिशेने सरकली.

"कबूल," आई म्हणाली. "पण मला दिसलं पाहिजे. नुसतं सांगायचं नाही."

मालकाने मीटर काढला. त्याची कळ फिरल्याचा टकटक आवाज आला. आई म्हणाली, "हे आकडे मला कळायचे नाहीत. तुम्ही म्हणाल ते मान्य करायचं का मी? हो की नाही एवढंच दाखवणारं काही नाही का तुमच्याकडे?"

मित्रांनो, पेटीत हात शिरला. पट्ट्या बाजूला झाल्या, नटबोल्ट बाजूला झाले. हात माझ्यावर थबकला.

"आधी तुझं बघू," मालक म्हणाला आणि मला बॅटरीला लावले.

मी पेटलो! पहिल्याने दिसला तो त्याचाच चेहरा. दाढी पांढरी झाली होती. डोळ्यांवर जाड चष्मा आला होता. पेटीत असताना मला कुणी हे सांगितलेच नव्हते.

त्या गाडीचे इंजिन दोन सीटांच्या मधोमध, एका झाकणाखाली होते. मालकाने झाकण उचलले, माझा चिमटा पत्र्याला लावला आणि सुई झडपेच्या वायरीत टोचली. मी विझलेलाच होतो. "किल्ली कुठाय?" त्याने विचारले. "ही काय, माझ्या मुठीत," मुलगी लांबून, शटरपाशी उभी राहून म्हणाली. "दुसरीपण माझ्याकडेच आहे."

"वहिनी, बसा आता."

स्प्रिंगा करकरल्या. पंपावर झडप वाजली, टक. आणि मी पेटलो.

माझ्या उजेडात एक बाई माझ्याकडे वाकून बघत होती. केस विंचरलेले, पदर नीट खोचलेला. कुणी भेटायला येणार असले की माणूस आवरून बसते, तशी ती बसली होती. तिच्या बाजूला डॅशबोर्डवर लाल दिवे लागले होते. मालकाच्या हातावरचे केस ताठ उभे राहिलेले मला स्पष्ट दिसले.

"आलात?" तिने मला विचारले.

आजवर मला कुणी प्रश्न विचारला नव्हता. वायरीबद्दल विचारायचे, पण मला नाही. मी पेटलेलाच राहिलो. दुसरे मी काय करणार? मला हो म्हणता येते, पण ते कशाला, हे सांगता येत नाही.

मालक कामाला लागला. किल्लीच्या कुलपामागे हात घालून त्याने सगळ्या वायरी उपटल्या. लाल दिवे गेले. मी तसाच. त्याने फ्यूजांचा डबा उघडला आणि एकेक फ्यूज काढून खिशात टाकला. सगळे काढले. डबा दात पडलेल्या तोंडासारखा दिसू लागला. मी तसाच पेटलेला.

"इथं वीज यायला वाटच उरली नाही," तो स्वतःशीच पुटपुटला. त्याने कपाळ पुसले. इतक्या वर्षांत मी त्याला हात टेकताना पाहिले नव्हते. या वेळी मात्र त्याचा हात परत खिशाकडे जाऊन नुसताच थांबला.

"काका, राहू द्या," मुलगी म्हणाली. "जाऊ या इथून."

आई हसली. "घाबरायचं काय त्यात? तुझेच बाबा आहेत."

मालकाने मान वर करून आईच्या सीटकडे पाहिले. मग म्हणाला, "पोरी, इकडे ये. आईच्या जागेवर तू बस बघू."

"मी नाही. ती आईची जागा आहे. बाबा कधी कुणाला बसू द्यायचे नाहीत, चादरीचं गाठोडंसुद्धा ठेवू द्यायचे नाहीत तिथे."

"ते गेल्यापासून कोणीच बसलं नाही? एकदाही?"

"नाही."

माझ्या मालकाने असा श्वास सोडला की माझी वायर हलली. मित्रांनो, या मायलेकींना एवढी साधी गोष्ट सुचली नव्हती, आणि कशी सुचणार? एकीला ती जागा कुणाला द्यायची नव्हती आणि दुसरीला ती घ्यायची नव्हती.

"वहिनी, जरा उतरता? मी बसतो."

ती उतरली. मी विझलो. काळोखात तिचा आवाज आला, अगदी हळू, "गेले बघा." मग स्प्रिंगा पुन्हा करकरल्या, या वेळी जड माणसाच्या वजनाने.

टक.

मी पेटलो. सीटवर माझा मालक बसला होता, मळक्या शर्टातला, खिशात फ्यूज भरलेला. आणि गाडीच्या दारात ती उभी होती. मी तोपर्यंत पुष्कळ चेहरे पाहिले होते. खर्च ऐकून पडलेले चेहरे, अपघातानंतर गाडी न्यायला आलेले चेहरे. पण माझ्यामुळे कुणाचा चेहरा असा विझलेला मी पाहिला नव्हता. त्या क्षणी माझी तार तुटली असती तर बरे झाले असते.

"तुमच्यासाठीसुद्धा?" ती म्हणाली.

मालकाने मान खाली घातली. तिने दाराची कड धरली आणि ती बोलू लागली. कुणाशी, ते कळत नव्हते.

"त्या दिवशी रस्त्यात त्यांच्या छातीत कळ आली. गाडी कडेला घेतली त्यांनी, किल्ली काढली. मला म्हणाले, बस, जाईल आत्ता. मी ऐकलं नाही. म्हटलं कुणाला तरी बोलावते. उतरले. माझा पाय जमिनीला लागला आणि इंजिन बंद पडलं. मी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही, पळत सुटले. माणसं घेऊन आले तोवर..." तिने पदर तोंडाला लावला. "बस म्हणाले होते. मी बसले असते तर गाडी चालू राहिली असती."

मुलगी हे पहिल्यांदाच ऐकत होती. ते तिच्या श्वासावरून कळत होते.

मालक खाली उतरला आणि काळोख झाला. सीट उचलल्याचा आवाज आला. मग त्याचा हात चाचपत राहिला, बराच वेळ. "वहिनी," तो म्हणाला, "इकडे या. तुम्हाला दिसलं पाहिजे म्हणालात ना?"

त्याने माझी सुई सीटखाली कशाला तरी टेकवली आणि मी पेटलो. सीटच्या तळाशी पितळेच्या दोन पट्ट्या होत्या, एकीवर एक, मध्ये गादीची छोटी स्प्रिंग. माणूस बसले की त्या एकमेकींना चिकटायच्या, उठले की सुटायच्या. एकीतून वायर बॅटरीकडे गेलेली, दुसरीतून झडपेकडे. ना किल्लीतून, ना फ्यूजातून. आणि वायरीच्या जोडांवर चिकटपट्टी नव्हती. पांढऱ्या कापडाची पट्टी होती, तिची कड बारीक टाक्यांनी दुमडलेली.

"वायरच आहे," मालक म्हणाला.

मुलीने सुस्कारा टाकला. आई मात्र त्या कापडाला बोट लावून बघत होती.

"ही शिलाई माझी आहे," ती म्हणाली. "गाडी पुसायला तुकडा दे म्हणाले होते."

"आपोआप आलेली वायर नाही ही, वहिनी. निवांत बसून लावलीय कुणीतरी. किल्लीचं कुलूप पार झिजलंय, बघितलं मी. खड्ड्यात आदळली की गाडी बंद पडत असणार."

"पडायची ना," मुलगी म्हणाली. ती कधी जवळ आली ते मला कळलेही नव्हते. "बाबांचा फोन यायचा, ढकलायला ये म्हणून. भर उन्हात. नाकीनऊ आणायची."

"माझ्यासमोर कधीच नाही पडली," आई म्हणाली. मग थांबली. "एकदा पडली होती. रेल्वेच्या फाटकात, रुळावर. आगगाडी येत होती बाजूनं. ते किल्ली फिरवतायत, फिरवतायत... कशीबशी निघालो. त्यांनाच बोलले मी, नाही नाही ते बोलले." तिने पट्टीवरचे बोट काढले नाही. "त्यानंतर मी शेजारी असताना कधीच नाही."

"साधं बटण लावून भागलं असतं," मालक म्हणाला. "सीटखाली हा खटाटोप करायची गरज नव्हती. का केला, ते मला नाही सांगता यायचं."

"मला येतं," आई म्हणाली. "स्वतः एकटे असले तर बंद पडलेली चालायची त्यांना."

मालकाने चष्मा काढून पुसला. चष्म्याला काही झालेले नव्हते.

"पण मग बाबा गाडी बंद कशी करायचे?" मुलीने विचारले. "आई शेजारी असताना?"

"कुठेतरी बटण असणारच," मालक म्हणाला. "वहिनी, गाडी थांबवल्यावर ते काय करायचे? आठवतंय काही?"

"काही नाही. किल्ली काढायचे, गुडघा खाजवायचे..." आणि ती एकदम हसली, तोंडावर हात ठेवून. "दर वेळी! मी म्हणायची, गाडी थांबली की तुमच्याच गुडघ्याला मुंग्या कशा चावतात हो?"

मालक ड्रायव्हरच्या बाजूला गेला आणि डॅशबोर्डच्या खाली, गुडघ्याच्या उंचीवर त्याने हात घातला. त्या शेवटच्या दिवशी त्या माणसाचा हात छातीवर असणार, गुडघ्यापर्यंत पोचला नसणार. म्हणून बटण तेव्हापासून चालूच होते. "सापडलं," मालक म्हणाला. "बंद करू?"

"थांबा," आई म्हणाली. "तुम्ही नको."

तिने त्याला सगळे पहिल्यासारखे जोडायला लावले. फ्यूज परत डब्यात गेले, वायरी कुलपाला लागल्या. शटर पूर्ण वर केले. माझी सुई पुन्हा झडपेच्या वायरीत टोचली. आई आपल्या जागेवर बसली. टक. मी पेटलो, लाल दिवे लागले. आता त्यांत भिण्यासारखे काही नव्हते, आणि तरीही माझ्या उजेडात तिघांचेही चेहरे पांढरे दिसत होते.

"तू बस तिकडे," आईने मुलीला सांगितले.

मुलगी क्षणभर दारात उभी राहिली. मग चढली आणि ड्रायव्हरच्या सीटवर, आईच्या शेजारी बसली. तिने इंजिन सुरू केले आणि किल्ली काढून मांडीवर ठेवली. इंजिन चालत राहिले. मायलेकी माझ्या दोन बाजूंना होत्या, मध्ये मी. आईने डोळे मिटले होते. तिचे ओठ हलत होते, पण इंजिनाच्या आवाजात मला काही ऐकू आले नाही. आणि ऐकू आले असते तरी मी तुम्हाला सांगितले नसते.

मग ती मुलीच्या गुडघ्यावरून वाकली, डॅशबोर्डखाली हात घातला आणि बटण दाबले.

मी विझलो. इंजिनाने दोन आचके दिले आणि ते थांबले.

काळोखात मी कान देऊन होतो. स्प्रिंगा करकरतील, चप्पल फरशीला लागेल, म्हणून वाट पाहत होतो. तसे काही झाले नाही. पलीकडे चादरी ठिबकत होत्या.

"बघितलंस?" आई म्हणाली. "मी उतरले नाही."

मित्रांनो, आता मी लाँड्रीतच असतो, शटरच्या आतल्या बाजूला एका खिळ्यावर. आईने मला मागून घेतले आणि मालकाने एका शब्दाने नाही म्हटले नाही. त्याने नवे कुलूप बसवले, बॅटरीपाशी फ्यूज घातला, आणि कापडाची पट्टी मात्र होती तशी ठेवली. मुलीला आता मला वापरता येते. आधी माझे बघते, मग गाडीचे. माझा बल्ब काळवंडला आहे, एक दिवस तो उडेल. जुन्या वस्तू पेटीच्या तळाशी टाकण्याआधी त्यांना एकदा बॅटरीला लावून बघत जा, एवढे माझ्या जातीसाठी मागतो. बंद जागेत इंजिन चालू ठेवून कधीही बसू नका, हे तुमच्यासाठी सांगतो. आणि तुमच्या घरात कुणी अंधारात एकटे बसलेले दिसले, तर दारात उभे राहून हाका मारू नका. आत जा आणि शेजारच्या जागेवर बसा.